वॉर्साचा तर्क, केशोरीचे धान

7 मार्च 1918. वॉर्सा जर्मन फौजांच्या ताब्यात होते आणि पोलंड हा देश शंभराहून अधिक वर्षे नकाशावर नव्हता. त्या दिवशी वॉर्सा विद्यापीठात यान वुकाशेविच यांनी निरोपाचे व्याख्यान दिले. विषय तर्कशास्त्राचा, पण तळमळ माणसाच्या स्वातंत्र्याची. अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेल्या तर्काच्या चौकटीत माणसाच्या मोकळ्या कृतीला जागा उरत नाही, म्हणून आपण या चौकटीशी झुंज मांडली आहे, असे त्यांनी सांगितले.

वुकाशेविच यांचा जन्म 21 डिसेंबर 1878 रोजी ल्वूव शहरात झाला. आज ते युक्रेनमध्ये आहे. काझिमिएश त्वार्दोव्स्की यांच्या हाताखाली ते तत्त्वज्ञान शिकले, 1915 मध्ये वॉर्सात अध्यापक झाले. 1919 मध्ये स्वतंत्र पोलंडचे शिक्षणमंत्रीही झाले, पण लवकरच विद्यापीठात परतले.

त्यांची झुंज समजून घ्यायला विदर्भातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले केशोरी पुरेसे आहे. दिवाळीच्या सुमारास इथे हलक्या धानाची कापणी होते. कापलेल्या कडपा बांधीत वाळत पडलेल्या असतात आणि शेतकरी आभाळाकडे पाहून म्हणतो, ‘उद्या पाऊस येईल.’ हे विधान आज खरे की खोटे? जुना तर्क म्हणतो, दोहोंपैकी एक असलेच पाहिजे. पण ते आजच खरे असेल तर उद्याचा पाऊस ठरून गेला, खोटे असेल तर उघडीप ठरून गेली. असे प्रत्येक विधानाचे झाले, तर माणसाच्या निर्णयाला अर्थ काय राहिला?

वुकाशेविच यांनी तिसरे मूल्य मांडले. खरे म्हणजे 1, खोटे म्हणजे 0 आणि अजून न ठरलेले म्हणजे ½. ‘पाऊस येईल’ हे ½ असेल, तर ‘पाऊस येणार नाही’ हेही ½. मग ‘येईल किंवा येणार नाही’ हेदेखील ½ वरच थांबते. मात्र ‘पाऊस आला, तर पाऊस आला’ हे त्यांच्या कोष्टकात पूर्ण 1 राहते. म्हणजे अनिश्चितता मान्य केली तरी शिस्त सुटत नाही. 1920 मध्ये हे त्रिमूल्यी तर्कशास्त्र प्रसिद्ध झाले. 1924 मध्ये त्यांनी कंसाविना लिहायची पद्धत शोधली: (2 + 3) × 4 ऐवजी × + 2 3 4. पुढे संगणकशास्त्राने ती उचलली.

याच वॉर्सात स्तानिस्वाव शायेर हे संस्कृतचे अभ्यासक होते. 1932 मध्ये त्यांनी विद्यापीठात प्राच्यविद्या संस्था उभारली. वुकाशेविच यांच्या वर्तुळातले नवे तर्कशास्त्र हाताशी घेऊन ते भारतीय ग्रंथांकडे वळले. ‘आहे, नाही, दोन्ही आहे, दोन्ही नाही’ ही बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची चतुष्कोटी अनेक युरोपीय पंडितांना गूढ वाटत होती. शायेर यांनी ती युक्तिवाद म्हणून तपासली. भारतीयांच्या तर्काला ग्रीक साच्यात कोंबू नका, त्याची स्वतःची रचना शोधा, हा त्यांचा आग्रह होता.

नागार्जुनाचा जन्म विदर्भातला, असे तिबेटी परंपरा मानते. तिबेटी माणसे तर केशोरीच्या शेजारीच राहतात. गोठणगावजवळची नॉर्ग्येलिंग वसाहत 1972 ची. भारतीय बौद्ध तर्कशास्त्रही तिबेटींनी जपले: दिङ्नागाचा ‘प्रमाणसमुच्चय’ हा तर्कग्रंथ मूळ संस्कृतात हरवला, तो तिबेटी भाषांतरांनी टिकवला. धर्मकीर्तीचे ‘प्रमाणवार्त्तिक’ तिबेटी मठांत आजही शिकवले जाते. तिथल्या वादविवादात प्रश्न विचारणारा भिक्खू उभा राहतो, टाळी वाजवून प्रश्न टाकतो, बसलेल्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. उत्तर आधीच्या कबुलीशी विसंगत निघाले की तो पकडला गेला.

सप्टेंबर 1939 मध्ये वॉर्सावर बॉम्ब पडले. अ‍ॅरिस्टॉटलवरच्या वुकाशेविच यांच्या ग्रंथाची मुद्रिते ज्या छापखान्यात होती तो उद्ध्वस्त झाला, घरचे ग्रंथालय हस्तलिखितांसह जळाले. नाझी अमलात ते भूमिगत विद्यापीठात शिकवत राहिले. शायेर 1941 मध्ये गेले. वुकाशेविच 1946 मध्ये डब्लिनला पोहोचले, रॉयल आयरिश अकॅडमीत प्राध्यापक झाले. जळालेला विषय त्यांनी पुन्हा हाती घेतला आणि 1951 मध्ये अ‍ॅरिस्टॉटलवरचा ग्रंथ इंग्रजीत काढला. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. 13 फेब्रुवारी 1956 रोजी डब्लिनमध्येच त्यांचे निधन झाले.

शायेर यांनी दाखवलेल्या वाटेवर आपल्याकडेही काम झाले. नागपूरचे सुरेंद्र बारलिंगे यांनी 1965 मध्ये भारतीय तर्कशास्त्राची आधुनिक ओळख करून देणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. हे काम मराठीतून शाळा-महाविद्यालयांपर्यंत जायला हवे. ½ चे कोष्टक आठवीतल्या मुलाला फळ्यावर मांडता येते, चतुष्कोटीवर वाद घालता येतो. हवामान, पीक, परीक्षा, निवडणूक यांबद्दल ठामपणे बोलणाऱ्यांची आपल्याभोवती कमतरता नाही. जे ठरलेले नाही त्याला ठरलेले म्हणू नये, आणि ठरलेले नाही म्हणूनच त्यासाठी कष्ट करावेत, ही वुकाशेविच यांची शिकवण आपल्या मुलांच्या हाती द्यायलाच हवी.