संवेदकाचा निरोप, बिनतारी वाटेने

पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या खोऱ्यांत शतकानुशतके चालत आलेल्या फड पद्धतीत पाण्याची खबर माणसेच पोहोचवीत असत. बंधाऱ्यातून पाटात किती पाणी आले, कोणत्या फडाचे भरणे झाले, पाट कोठे फुटला, हे पाटकरी आणि जागल्या यांच्याकडून कळे आणि त्यावरून पुढील पाळी ठरे. तापीच्या काठी पुढे हेच काम पूरमापन केंद्रांकडे आले. भुसावळ, धुळे जिल्ह्यातील गिधाडे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे केंद्रीय जल आयोगाची केंद्रे आहेत. नदीतील पट्टीवरची पातळी वाचावयाची आणि ती बिनतारी संचावरून खालच्या बाजूस कळवावयाची, असा तेथील अनेक वर्षांचा परिपाठ होता. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे कधी आणि किती उघडावयाचे, हा प्रश्नही अखेर वरून येणाऱ्या वार्तेवरच अवलंबून असतो; कारण पाऊस मध्य प्रदेशात किंवा विदर्भात पडतो आणि पाणी येते खानदेशात.

माणसाने पट्टी वाचावयाची आणि संचावरून सांगावयाचे, या दोन कामांची जागा आता अनेक ठिकाणी एका तळहाताएवढ्या पेटीने घेतली आहे. तिला बिनतारी रूपांतरक अथवा वायरलेस कन्व्हर्टर म्हणतात. एका बाजूने ती संवेदकाच्या तारांशी जोडलेली असते, दुसऱ्या बाजूने तिला अँटेना असते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेत ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या संवेदकाधारित मोजमापास उत्तेजन देण्यात आल्याने ही पेटी खेड्यातील जलकुंभापर्यंत पोहोचली. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ गिरण्या आणि प्लॅस्टिकचे कारखाने, साक्री तालुक्यातील पवनचक्क्या, शिवाजीनगर येथे २०१३ मध्ये उभा राहिलेला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प, अशा ठिकाणच्या उपकरणांची भाषाही मूलतः हीच आहे. पेटी विकत घेणे सोपे. ती बसविणाऱ्याने तिला नेमके काय सांगावयाचे, यात मात्र बऱ्याच योजनांचे यशापयश दडलेले असते.

पाटकऱ्यात आणि या पेटीत एक मोठा फरक आहे. पाटकऱ्यास पाणी म्हणजे काय ते ठाऊक असते. पाट कोरडा असताना तो 'गुडघाभर पाणी आहे' असे सांगणार नाही. पेटीस फक्त आकडा ठाऊक असतो. तो पाण्याचा की उष्णतेचा, मीटरमधील की सेंटीमीटरमधील, आताचा की काल रात्रीचा, याचा तिला बोध नसतो. तो बोध बसविणाऱ्याने आधीच घालून ठेवावा लागतो.

रित्या टाकीत एक मीटर पाणी

कारखान्यांतील बरेचसे संवेदक आपले म्हणणे विद्युत्प्रवाहाच्या रूपाने मांडतात. मोजमापाच्या खालच्या टोकास ४ मिलिॲम्पिअर आणि वरच्या टोकास २० मिलिॲम्पिअर, असा हा जगभर रूढ झालेला संकेत आहे. आरंभ शून्यापासून न करता ४ पासून का केला, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर असे की, टाकी रिकामी असली तरी तारेतून ४ मिलिॲम्पिअर वाहत राहतात. म्हणून प्रवाह खरोखरच शून्य झाला तर तो टाकीचा दोष नसून तार तुटल्याचा पुरावा होय. 'काही नाही' आणि 'निरोपच नाही' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची ही युक्ती फार शहाणपणाची आहे. सामान्यतः ३.६ मिलिॲम्पिअरच्या खालचा किंवा २१ मिलिॲम्पिअरच्या वरचा प्रवाह हा बिघाडाचा संकेत समजला जातो.

समजा, गावच्या जलकुंभात ५ मीटर पाणी मोजणारा संवेदक तळाशी सोडला आहे. रूपांतरकाने प्रवाह मोजावयाचा, त्यातून ४ वजा करावयाचे, उरलेल्यास १६ ने भागावयाचे आणि ५ ने गुणावयाचे. १२ मिलिॲम्पिअर आले तर पाणी अडीच मीटर. हिशेब शाळकरी मुलासही जमेल असा आहे. परंतु बऱ्याच रूपांतरकांत ० ते २० मिलिॲम्पिअर हाही पर्याय असतो आणि काहींत तोच आधीपासून निवडलेला असतो. तो तसाच राहिला तर काय होईल? टाकी पूर्ण भरलेली असताना २० मिलिॲम्पिअर येतात आणि पडद्यावर ५ मीटर ही अगदी बरोबर पातळी दिसते. अर्धी टाकी ३ मीटर दिसते. तेवढा फरक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि ठणठणीत कोरडी टाकी १ मीटर दिसते.

या चुकीची खोडी अशी की, उद्घाटनाच्या दिवशी टाकी काठोकाठ भरलेली असते आणि त्या दिवशी सर्व काही बिनचूक भासते. दोष उघड होतो तो एप्रिल-मे महिन्यांत, विहिरी खोल गेल्यावर. कार्यालयातील पडद्यावर मीटरभर पाणी आणि नळाखाली कोरड्या घागरी, असा प्रकार होतो. यास्तव चाचणी भरलेल्या टाकीवर घेऊन थांबू नये. रिकाम्या आणि अर्ध्या टाकीवरही घ्यावी. टाकी रिकामी करणे शक्य नसेल तर संवेदक पाण्याबाहेर काढून धरला तरी भागते. त्या वेळी पडद्यावर शून्य दिसलेच पाहिजे.

पत्ता, वेग आणि नोंदस्थान

दुसऱ्या प्रकारचे संवेदक प्रवाहाऐवजी सरळ अंक पाठवितात. वीजमापक, प्रवाहमापक, तापमान-नियंत्रक यांवर बहुधा दोन तारा जोडण्याची जागा असते. त्या तारांना आरएस-४८५ म्हणतात आणि त्यांवरून चालणाऱ्या संभाषणाच्या शिस्तीस मोडबस. ही शिस्त १९७९ सालची आहे. तिची साधी रचना हेच तिच्या दीर्घायुष्याचे कारण असावे. या शिस्तीत एक विचारणारा असतो आणि बाकीचे सर्व उत्तर देणारे. विचारल्याखेरीज कोणी बोलावयाचे नाही. प्रत्येक उपकरणास १ ते २४७ यांपैकी एक पत्ता असतो आणि त्यातील प्रत्येक माहिती एका क्रमांकित नोंदस्थानात, म्हणजे रजिस्टरमध्ये, ठेवलेली असते.

तारा दोघांच्याही एकमेकीभोवती पिळलेल्या असाव्यात, लांब मार्गाच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा रोधक लावावा आणि एकूण लांबी १२०० मीटरच्या आत ठेवावी, एवढे पाळले तर तारांचा भाग सहसा त्रास देत नाही. त्रास होतो तो संकेत न जुळल्याने. वेग दोन्ही बाजूंस एकच हवा. एकीकडे ९,६०० आणि दुसरीकडे १९,२०० असेल तर अक्षर कळत नाही. कारखान्यातून निघताना बहुतेक उपकरणांचा पत्ता १ हाच असतो. दोन नवी उपकरणे एकाच तारेवर तशीच जोडली तर एका प्रश्नास दोघेही एकदम उत्तर देतात आणि हाती फक्त गोंगाट येतो. एकेक उपकरण स्वतंत्रपणे जोडून त्याचा पत्ता बदलून घ्यावा आणि मगच सर्वांना एका तारेवर आणावे, हा अनुभवी तंत्रज्ञांचा नेम आहे.

नोंदस्थानांच्या बाबतीत एक जुनी गफलत आजही चालू आहे. पुस्तिकेत ४०००१ असा क्रमांक छापलेला असतो, पण तारेवरून जाताना तोच शून्य म्हणून जातो. काही उत्पादक पुस्तिकेतच शून्यापासून मोजतात, काही एकापासून. परिणामी एका घराने चूक होते आणि शेजारच्या घरातील आकडा येतो. प्रवाह विचारला असता एकूण पाणी मिळते. आकडा खोटा नसतो, म्हणूनच तो लवकर पकडला जात नाही. दशांश चिन्हाचेही तसेच. १३.५ अंश तापमान उपकरण १३५ असे पाठविते. दहाने भागावयाचे, हे रूपांतरकास किंवा पुढील संगणकास सांगावे लागते. उपकरणाच्या स्वतःच्या पडद्यावरील आकडा आणि दूरच्या कार्यालयात दिसणारा आकडा दूरध्वनीवरून ताडून पाहणे, यापेक्षा खात्रीचा उपाय नाही.

हवेतील वाट

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा वारंवारतेचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यावाचून खुला करण्यात आला आणि नंतर तो ८६८ पर्यंत वाढविण्यात आला. प्रेषकाची शक्ती १ वॅटच्या आत ठेवावी लागते. परदेशी बनावटीची पेटी घेताना ती ९१५ मेगाहर्ट्झची नाही ना, हे पाहून घ्यावे. तो पट्टा येथे या कामासाठी मोकळा नाही. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर असते, म्हणून तिची साधी अँटेना जेमतेम ९ सेंटीमीटरची असते.

या पट्ट्यात लोरा नावाची पद्धत बरीच रूढ आहे. हळू आणि स्पष्ट बोलणाऱ्याचा आवाज गलक्यातही दूरवर समजतो, हेच तिचे तत्त्व म्हणता येईल. वेग जितका कमी तितका पल्ला अधिक. मात्र वेग एक पायरी उतरविला की तोच निरोप पाठविण्यास जवळजवळ दुप्पट वेळ लागतो आणि विचारणाऱ्यासही तितकाच धीर धरावा लागतो. तारेवर उत्तर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत येते. हवेतून येण्यास कधी एखादा सेकंद, कधी त्याहून अधिक लागतो. प्रतीक्षेची मर्यादा तारेच्या हिशेबाने ठेवली तर उत्तर वाटेत असतानाच 'उपकरण बंद' अशी नोंद होते. वारंवारता, वेग आणि जाळ्याचा ओळख-क्रमांक ही तिन्ही मूल्ये दोन्ही टोकांच्या पेट्यांत तंतोतंत सारखी असावी लागतात.

२० मीटर उंच जलकुंभावर एक अँटेना आणि पंपघरावर ५ मीटरवर दुसरी असेल, तर सपाट जमिनीवर पृथ्वीची वक्रता सुमारे २७ किलोमीटरपर्यंत आड येत नाही. हा हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात केळीच्या दाट बागा, पत्र्याच्या शेडी आणि घरे यांमुळे पल्ला बराच घटतो. तापीकाठची सपाटी या कामास अनुकूल आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी टेकडी आड आली की वाट बंद होते आणि मध्ये दुसरी पेटी ठेवावी लागते किंवा मोबाइलच्या जाळ्याचा आधार घ्यावा लागतो. अँटेना लोखंडी पेटीच्या आत ठेवून वर 'पल्ला मिळत नाही' अशी तक्रार करणे हा प्रकारही विरळा नाही.

शून्य की मौन?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र निरोप न मिळाल्यावर काय करावयाचे, हा आहे. काही रूपांतरक केवळ हमाल असतात. आलेला प्रश्न पुढे नेतात आणि आलेले उत्तर मागे आणतात. काही स्वतःच ठरावीक वेळाने संवेदकास विचारून उत्तर आपल्या स्मृतीत ठेवतात आणि वरून विचारणा झाली की स्मृतीतील आकडा देतात. दुसऱ्या प्रकारात हवेवरील वेळ वाचतो, पण धोकाही त्यातच आहे. संवेदक गप्प झाला तर स्मृतीत शेवटचा आकडा तसाच ठेवावा, शून्य लिहावे, की बिघाडाची ठरावीक खूण लिहावी, हे बसविणाऱ्याने निवडावयाचे असते.

रावेर, यावल आणि सावदा हा केळीचा मुलूख. 'जळगाव केळी'स २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळी पिकविण्याच्या शीतगृहांत तापमान काटेकोर राखावे लागते. सुमारे १३ अंशांच्या खाली माल फार काळ राहिला तर साल काळपट पडते आणि फळ नीट पिकत नाही; उलट पिकताना केळी स्वतःच उष्णता बाहेर टाकतात, म्हणून शीतयंत्र थांबले की खोली झपाट्याने तापते. अशा खोलीतील संवेदकाची तार मध्यरात्री निसटली आणि पेटी शेवटचा १६ अंशांचा आकडा पहाटेपर्यंत पाठवीत राहिली, तर पडदा पाहणारा निर्धास्त झोपेल. शून्य लिहिण्याची सोय तरी बरी का? खोली शून्य अंशांवर गेल्याचे समजून स्वयंचलित यंत्रणा शीतयंत्र बंद करील. जलकुंभाच्या बाबतीत शून्य दिसले म्हणजे पंप चालू होईल आणि भरलेली टाकी रात्रभर वाहील. म्हणून येथे बिघाडाची खूणच निवडावी. ती अशी असावी की, खऱ्या मोजमापात तो आकडा कधीच येणार नाही. जोडीला प्रत्येक निरोपाबरोबर वेळ, किंवा दर खेपेस एकाने वाढणारा अनुक्रमांक पाठवावा. अनुक्रमांक वाढण्याचे थांबले की आकडा कितीही समाधानकारक असला तरी तो शिळा आहे, हे कळते.

किती वेळाने विचारावयाचे, हे मोजावयाच्या वस्तूवर ठरते. विहिरीच्या पातळीस पंधरा मिनिटांचे अंतर पुरते, म्हणजे दिवसास ९६ नोंदी. पंपाच्या दाबास ते चालणार नाही. पुराच्या दिवसांत नदीची पातळी दर तासाला नव्हे तर त्याहून लवकर हवी. यासाठी पातळी वेगाने चढू लागली की आपोआप अधिक वेळा निरोप धाडण्याची सोय काही पेट्यांत असते.

जागेवर पेटी बसविल्यावर तीन चाचण्या घ्याव्यात. प्रथम संवेदकाची तार काढावी. दूरच्या पडद्यावर बिघाडाची खूण दिसली पाहिजे. नंतर पेटीचा वीजपुरवठा तोडावा. ठरलेल्या वेळेत 'निरोप नाही' अशी सूचना मिळाली पाहिजे. शेवटी वीज पुन्हा सुरू करावी. कोणी हात न लावता सर्व पूर्ववत झाले पाहिजे. भारनियमन अनुभवलेल्या भागात ही तिसरी चाचणी वगळणे परवडणारे नाही. अँटेना मात्र पेटी चालू असताना काढू नये. त्याने प्रेषक निकामी होण्याचा संभव असतो.

उन्हाचा प्रश्नही आहेच. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो आणि उन्हातील बंद लोखंडी पेटीच्या आत तो त्याहून बराच चढतो. ५० अंशांपर्यंतच टिकणारे उपकरण तेथे उन्हाळा काढू शकत नाही. ७० अंश सोसणारे घ्यावे, पेटीस पांढरा रंग द्यावा, ती उत्तरेच्या भिंतीवर लावावी आणि वर सावलीचा पत्रा ठोकावा. जलकुंभावर विजेपासून संरक्षण देणारे साधन आणि चांगली भूजोडणी आवश्यक आहे.

पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस एक कागद चिकटवून ठेवावा. त्यावर उपकरणाचा पत्ता, वेग, नोंदस्थानाचे क्रमांक आणि ते शून्यापासून मोजले की एकापासून, संवेदकाची दोन्ही टोके, भागाकाराचा आकडा, वारंवारता, जाळ्याचा क्रमांक, बिघाडाची खूण आणि शेवटच्या चाचणीची तारीख मराठीत लिहिलेली असावी. पेटी बसविणारा तंत्रज्ञ पुन्हा येईलच असे नाही; बिघाड झाल्यावर ते झाकण उघडणारा बहुधा गावचा पाणीपुरवठा कर्मचारी असतो.