पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या पांढऱ्याच का?

आजचा भाग आमच्या बाबांमुळे सुचलाय. गेल्या दिवाळीत आम्ही गाडी घेतली, घरातली पहिलीच. बाबांना लाल हवी होती. शोरूममध्ये लाल गाडीपाशी जाऊन ते बॉनेटवरून हात फिरवून आले. मी मात्र घरून एक्सेल शीट बनवून गेलेलो. तिथला सेल्सवाला म्हणाला, "सर, पांढरी घ्या, रिसेलला बरी पडते." मी लगेच मान डोलावली. बाबा एवढंच म्हणाले, "अरे, आत्ता घेतोय आणि तू विकायचं काय बोलतोस?"

आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओळीने सात पांढऱ्या गाड्या उभ्या असतात. बाबा रिमोटचं बटण दाबतात आणि कुठली लुकलुकते ते बघून आपली ओळखतात.

त्यांचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून शोधायला बसलो. गाड्यांचे रंग बनवणाऱ्या बीएएसएफ, अ‍ॅक्साल्टा अशा कंपन्या दरवर्षी कुठल्या रंगाच्या किती गाड्या बनल्या ते मोजतात. गेली दहा-बारा वर्षं तरी जगभर पांढरा पहिल्या नंबरावर आहे. पांढरा, काळा, करडा आणि रुपेरी हे चार धरले तर दहातल्या साधारण आठ गाड्या संपल्या. लाल, निळा, हिरवा, पिवळा हे सगळे मिळून उरलेल्या दोनांत.

यावर इंटरनेटचं आवडतं उत्तर तयार असतं: लोक उदास झालेत, म्हणून जग करडं झालंय. त्यासोबत एक ग्राफही फिरत असतो. तो आला कुठून, ते बघण्यासारखं आहे. लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहातल्या ७,००० हून जास्त वस्तूंचे फोटो २०२० मध्ये कॉम्प्युटरने तपासले गेले. फोन, कॅमेरे, दिवे, घड्याळं, अशा रोजच्या वस्तू. हे कसं करतात? फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले की तो ठिपका करडा. मग प्रत्येक काळातल्या वस्तूंचे ठिपके मोजायचे. दिसलं असं, की जुन्या काळाकडून आजकडे येताना तपकिरी-पिवळा कमी होत गेला आणि करडा वाढत गेला.

पण मूड बिघडला म्हणून नव्हे हो! आधी वस्तू लाकडाच्या होत्या, नंतर प्लॅस्टिक आणि स्टीलच्या झाल्या. ग्राफमध्ये दिसतंय ते लाकूड गेल्याचं. डेटा बरोबर, अर्थ चुकीचा. आमच्या ऑफिसात हे रोज होतं.

गाड्यांचंही असंच. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळायची. तेव्हाचे अमेरिकन काही सुतकात नव्हते. एकच रंग ठेवला की कारखान्याला स्वस्त आणि सोपं पडायचं. मग १९२३-२४ च्या सुमारास ड्यूपाँटचा ड्यूको नावाचा रंग आला. आधी गाडीचा रंग वाळायला दिवसच्या दिवस, कधी आठवडे जायचे, ड्यूको काही तासांत वाळायचा. लगेच रंगीत गाड्या रस्त्यावर आल्या. त्या दशकातल्या उत्साहाचं श्रेय आपण लोकांना देतो, त्यातलं थोडं केमिस्टना द्यायला हरकत नाही.

मग समाजाचा मूड रंगात दिसतच नाही का? दिसतो, पण आपण शोधतो तिथे नाही. डिसेंबर २०२० मध्ये पँटोनने पुढच्या वर्षासाठी एकाऐवजी दोन रंग निवडले, करडा आणि चकचकीत पिवळा. म्हणजे एका हातात बीपीची गोळी, दुसऱ्या हातात पेढा! छान कल्पना, पण तो एका कंपनीने लावलेला अंदाज. लोक खिशातले आठ-दहा लाख काढताना काय करतात, ते मला जास्त खरं वाटतं.

इथे अर्थशास्त्रज्ञ केन्स कामाला येतो. १९३६ च्या त्याच्या पुस्तकात एक उदाहरण आहे. वर्तमानपत्रात शंभर चेहरे छापलेत, त्यातले सहा सर्वांत सुंदर निवडायचे. बक्षीस कुणाला? ज्याची निवड सगळ्यांच्या सरासरी निवडीशी जुळेल त्याला. मग हुशार माणूस स्वतःला आवडलेला चेहरा निवडतच नाही. इतरांना कुठला आवडेल, तो निवडतो. आणि इतरही तेच करत असतात! हे केन्सने शेअर बाजाराबद्दल लिहिलं होतं, पण आमच्या पार्किंगला तंतोतंत लागू पडतं. सातही घरांनी आठव्या, अजून न भेटलेल्या गिऱ्हाइकासाठी रंग निवडलाय. पांढऱ्यात मला दुःख दिसत नाही, धास्ती दिसते. नोकरी गेली तर, ईएमआय थकला तर, गाडी पटकन विकता यायला हवी.

हो, पांढरी गाडी उन्हात कमी तापते, हे खरंय. विदर्भातल्या श्रोत्यांनी मेसेज करायची तसदी घेऊ नये, मान्य आहे.

पण रिसेलचं ऐका. अमेरिकेतल्या आयसीकार्स या साइटने २०२३ मध्ये तीन वर्षं जुन्या गाड्यांचा हिशोब मांडला. सर्वांत कमी किंमत घसरली पिवळ्या गाड्यांची. पांढरी सरासरीच्या आसपासच. कारण साधं: पिवळ्या मुळातच कमी, त्यात बऱ्याच स्पोर्ट्‌स कार, आणि ज्याला पिवळीच हवी तो शोधत येतो. आपल्याकडचा बाजार वेगळा आहे, त्यामुळे हे जसंच्या तसं इथे लावू नका. पण माझ्या एक्सेल शीटमध्ये रंगाचा कॉलम मी एका सेल्सवाल्याच्या वाक्यावर भरला होता, हे मात्र कबूल करावं लागेल.

बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आता विकूया का?" परवा बघतो तर आरशाला लाल गोंडा बांधलेला. रिमोट दाबायची गरज उरलेली नाही.

तुमच्या पार्किंगमध्ये जाऊन एकदा मोजा, आणि पांढऱ्या-करड्यांच्या मधे एखादी हिरवी किंवा केशरी दिसली तर तिच्या मालकाला विचारून बघा, घरात कोण कोण नको म्हणालं होतं. उत्तरं व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.