ऑक्सिजन संवेदक आणि जुन्या मोटारींतील इंजिन-संगणकाचे नियमन

प्रस्तावना :
पेट्रोल मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचे प्रमाण त्रिमार्गी उत्प्रेरक परिवर्तक एकाच वेळी घटवितो. मात्र त्यासाठी पेट्रोलच्या एका भागास हवेचे वजनाने सुमारे १४.७ भाग हे प्रमाण काटेकोरपणे राखावे लागते. साध्या कार्ब्युरेटरला ते शक्य नव्हते. बॉश कंपनीने विकसित केलेला ऑक्सिजन संवेदक १९७६ मध्ये व्होल्वो मोटारींत प्रथम वापरात आला व ही अडचण दूर झाली.

कार्यपद्धती :
संवेदकातील झिर्कोनियाच्या घटकाची एक बाजू धुरात, तर दुसरी बाहेरील हवेच्या संपर्कात असते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर दोन्हीकडील ऑक्सिजनच्या फरकामुळे विद्युत दाब निर्माण होतो. मिश्रणात पेट्रोल अधिक असल्यास तो ०.९ व्होल्टच्या, तर हवा अधिक असल्यास ०.१ व्होल्टच्या आसपास असतो. ०.४५ व्होल्ट हा मध्य मानून संगणक इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ कमी-अधिक करतो. त्यामुळे सुस्थितीतील यंत्रणेत हा दाब सतत वर-खाली होताना दिसतो. संवेदक जुना झाला की हा बदल मंदावतो.

निदानातील मर्म :
संवेदक पेट्रोल मोजत नाही. तो केवळ धुरात उरलेल्या ऑक्सिजनचा निर्देश करतो. संवेदकाच्या अलीकडे धुराच्या नळीला चीर पडल्यास बाहेरील हवा आत शिरते. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी न पडल्यास न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो. दोन्ही प्रसंगी संगणक पेट्रोल कमी असल्याचे समजून ते वाढवितो. परिणामी इंधनाचा खप वाढतो आणि परिवर्तक अतितापाने निकामी होऊ शकतो. दोष नळीचा वा ठिणगीचा असताना संवेदक बदलणे व्यर्थ ठरते.

जुन्या संगणकातील स्मृती-चिप बदलून इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या प्रयत्नांनाही हीच मर्यादा आहे. सामान्य वेगात संवेदकाच्या आधारे संगणक मिश्रण पुन्हा मूळ प्रमाणाकडे आणतो. पूर्ण थ्रॉटलला ही दुरुस्ती सहसा थांबते. इंधनविषयक बदल प्रामुख्याने तेथेच जाणवतो.

निष्कर्ष :
संगणकाचा निर्णय त्यास मिळणाऱ्या माहितीइतकाच विश्वसनीय असतो. म्हणून जुन्या मोटारीत नळीची गळती, ठिणगी व संवेदकाची तत्परता यांची तपासणी प्रथम आणि संगणकातील फेरफार त्यानंतर, हाच क्रम शास्त्रीय ठरतो.