बॅटरी गेली म्हणण्यापूर्वी

मंडळी, मालवण, देवगड, वेंगुर्ले या आपल्या किनारपट्टीवर अजून काही घरांच्या खळ्यात जुनी मोटार उभी दिसते. कुणाची अँबॅसिडर, कुणाची मारुती ८००. या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण घरच्या अडीअडचणीला त्याच धावतात. रात्री कुणी आजारी पडले, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचे ठरले, आणि नेमका त्याच वेळी सेल्फ मारला तर गाडी हूं की चूं करीत नाही! मग सगळे म्हणतात, "बॅटरी गेली." काही हजार रुपये खर्चून नवी बॅटरी येते, आणि चार दिवसांनी तीही तशीच बसते. दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असा हा प्रकार होतो.

आपल्याकडचे खरे दुखणे पुष्कळदा बॅटरीत नसून सांध्यांत असते. खाऱ्या वाऱ्यातले मीठ धातूवर बसते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि सांधा गंजवते. पाटात पाचोळा अडकला, तर कळशी भरण्यापुरते पाणी मिळते, पण बाग शिंपता येत नाही. तसेच येथे घडते. हॉर्नला साधारण ५ अँपिअर प्रवाह पुरतो, सेल्फला १०० किंवा त्याहूनही जास्त लागतो. गंजलेल्या सांध्याचा रोध ०.०५ ओहम धरा. ५ अँपिअरला वाटेत पाव व्होल्ट जाईल; १०० अँपिअर न्यायचे म्हटले तर ५ व्होल्ट जातील! म्हणून हॉर्न वाजतो, पण इंजिन फिरत नाही. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे.

आता परीक्षा कशी करायची? गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा. पुढचे दिवे लावून उजेड भिंतीवर पडू द्या आणि सेल्फ मारा. दिवे आधीपासूनच मिणमिणते असले आणि आणखी मंदावले, तर बॅटरी रिकामी आहे. चांगले प्रखर दिवे एकदम विझले, तर बॅटरीच्या टर्मिनलचा सांधा पाहा. दिवे प्रखरच राहिले, तर वीज सेल्फपर्यंत पोचत नाही, किंवा सेल्फच बिघडला आहे. इंजिन आणि गाडीचे अंग यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजली असली, तरीही असेच होते.

टर्मिनल साफ करताना गाडीच्या अंगाला जोडलेली केबल आधी काढावी व शेवटी लावावी. म्हणजे पान्याची ठिणगी पडत नाही. पांढरी-हिरवी बुरशी दिसते, तिच्यावर खायचा सोडा घातलेले कोमट पाणी ओता. ते बॅटरीच्या आत मात्र जाता कामा नये. मग काचपेपरने घासून, कोरडे करून, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीजवळ विडी-काडी नको. तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो भडकतो.

एवढे करूनही भागले नाही, तर व्होल्टमीटर घ्या. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्ट दाखवले, तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. झाकणाची बॅटरी असेल तर आतल्या पट्ट्या बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे पाणी कितीही गोड लागले तरी त्यात क्षार असतातच. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. येत नसेल, तर पट्टा ढिला आहे का ते पाहा. नाही तर आल्टरनेटर मेकॅनिकला दाखवा. चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून परीक्षा घेण्याची सवय काहींना असते. ती सोडा, आल्टरनेटर जळतो.

आणि रात्रीत बॅटरी उतरते, तेव्हा काय? कुठेतरी वीज गळते आहे. किल्ली काढा, सगळे बंद करा, दारेही लावा. मग अर्थची केबल सोडवून ती आणि बॅटरीचे टर्मिनल यांच्यामध्ये लहानसा १२ व्होल्टचा बल्ब जोडा. बल्ब पेटला, तर एकेक फ्यूज काढीत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या वाटेवर गळती आहे. उंदरांनी कुरतडलेली वायरही तिथेच सापडेल. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालू नका. गाडी पेट घेईल.

५ वॅटचा एक दिवा राहून गेला, तरी ३५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी साडेतीन दिवसांत संपते. मग पावसाळाभर मांगरात उभ्या राहणाऱ्या गाडीचे काय होत असेल! तेव्हा मंडळी, आठवड्यातून एकदा तिला अर्धा-पाऊण तास फिरवून आणा. ते जमत नसेल, तर अर्थची केबल सोडवून ठेवा. त्याला एक पाना आणि दोन मिनिटे पुरतात.