ध्वनिक्षेपक बदल, निर्वात नलिका विवर्धकातील

निर्वात नलिका विवर्धकाचा (विद्युत् संदेशाची शक्ती वाढविणाऱ्या साधनाचा) ध्वनिक्षेपक काढून त्या जागी दुसरा बसविण्याची क्रिया. ट्रँझिस्टर प्रचारात आल्यावर बहुतेक ध्वनिसाधनांतून नलिका मागे पडल्या. तथापि विद्युत् गिटारचे विवर्धक व काही उच्च दर्जाचे ध्वनिसंच यांत त्या अद्याप वापरल्या जातात. अशा विवर्धकात ध्वनिक्षेपक हा केवळ आवाज निर्माण करणारा घटक नसून निर्गम नलिकांवरील भाराचा आवश्यक भाग असतो. त्यामुळे त्याची निवड वा जोडणी चुकल्यास आवाज तर बिघडतोच, शिवाय नलिका व रोहित्र निकामी होण्याचाही संभव असतो.

तत्त्व : निर्गम नलिकेच्या धनाग्रावर सामान्यतः २५० ते ५०० व्होल्ट एकदिश विद्युत् दाब असतो व तिला काही हजार ओहम संरोधाचा (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचा) भार लागतो. राइस व केलॉग यांनी १९२५ मध्ये वर्णन केलेल्या चल वेटोळे प्रकारच्या ध्वनिक्षेपकाचा संरोध मात्र सामान्यतः ४, ८ वा १६ ओहम एवढाच असतो. या दोहोंचा मेळ निर्गम रोहित्र घालते. रोहित्रातून संरोध वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. उदा., प्राथमिक व द्वितीयक वेढ्यांचे गुणोत्तर २५ : १ असल्यास ८ ओहमांचा ध्वनिक्षेपक नलिकेला ८ × ६२५ म्हणजे ५,००० ओहमांचा भासतो. त्याच अग्रांना १६ ओहमांचा ध्वनिक्षेपक जोडल्यास हा भार १०,००० ओहम, तर ४ ओहमांचा जोडल्यास २,५०० ओहम होतो.

चुकीच्या भाराचे परिणाम : भार कमी झाल्यास नलिकांतील प्रवाह वाढतो, त्या अधिक तापतात व त्यांचे आयुष्य घटते. भार फार वाढल्यास प्राथमिक वेटोळ्यावरील दाब वाढतो व पंचप्रस्थ नलिकांचे पडदा जालक तापते. सर्वांत घातक स्थिती म्हणजे ध्वनिक्षेपक मुळीच न जोडता विवर्धकाला संदेश देणे. अशा वेळी रोहित्राच्या चुंबकीय क्षेत्रातील ऊर्जेला वाट मिळत नाही. प्रवाह एकाएकी खंडित होताच प्राथमिक वेटोळ्यात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाब उत्पन्न होऊन त्याचे निरोधन फुटते किंवा नलिकेच्या बैठकीवर ठिणगी पडते. निर्गमाग्रांचा अल्पकाळ मंडल संक्षेप यापेक्षा कमी अपायकारक असतो. म्हणूनच काही विवर्धकांत प्लग काढताच निर्गमाग्रे आपोआप एकमेकांस जोडली जातात. ट्रँझिस्टर विवर्धकांत याच्या बरोबर उलट स्थिती असते : त्यांना मोकळी अग्रे सहसा बाधत नाहीत, पण मंडल संक्षेप धोक्याचा असतो. त्यामुळे एका प्रकारात मुरलेली सवय दुसऱ्यात नुकसान करते.

निवड : ध्वनिक्षेपकावर लिहिलेला संरोध नाममात्र असून कंप्रतेनुसार तो बदलतो. मल्टिमीटरने मोजला जाणारा एकदिश रोध त्याहून कमी, ८ ओहमांच्या ध्वनिक्षेपकात सुमारे ६ ते ७ ओहम, भरतो. ८ ओहमांचे दोन ध्वनिक्षेपक एकसरीत जोडल्यास १६ व अनेकसरीत जोडल्यास ४ ओहम होतात. एकसरी जोडणीत एकाचे वेटोळे तुटले, तरी सर्व भार नाहीसा होतो. अनेकसरीत उरलेले ध्वनिक्षेपक भार सांभाळतात. फेंडर बासमन या विवर्धकाच्या १९५० नंतरच्या दशकातील अखेरच्या प्रतिकृतीत ८ ओहमांचे चार ध्वनिक्षेपक अनेकसरीत जोडून २ ओहमांचा भार साधला होता. तेथे ८ ओहमांचा एकच ध्वनिक्षेपक जोडल्यास भार चौपट होईल.

ध्वनिक्षेपकांची एकूण शक्तिक्षमता विवर्धकाच्या निर्धारित शक्तीपेक्षा बरीच जास्त असावी. विवर्धकावर अतिरिक्त भार देऊन तरंगांचे माथे छाटले गेल्यास शक्ती वाढते. समान परमप्रसराच्या चौरस तरंगाची शक्ती ज्या-तरंगाच्या दुप्पट असते. गिटारचे विवर्धक मुद्दाम अशा प्रकारे वाजविले जातात.

कृती : विवर्धक बंद करून प्लग भिंतीवरील खोबणीतून काढावा; केवळ विराम-स्विचवर विसंबू नये. नलिका निवू द्याव्यात. विद्युत् पुरवठ्यातील धारित्रांत प्लग काढल्यावरही प्राणघातक दाब राहू शकतो, म्हणून आतील सांगाडा उघडू नये. तारा व अग्रे यांच्या जागा टिपून ठेवून मगच तारा सोडवाव्यात. जड चुंबक नलिकांवर आदळणार नाही व पेचकस घसरून कागदी शंकू फाटणार नाही, अशी काळजी घ्यावी. नवा ध्वनिक्षेपक बसविताना समोरासमोरचे पेच थोडेथोडे आवळावेत. एकच पेच पूर्ण आवळल्यास चौकट वाकून वेटोळे घासते. डाख देताना तप्त थेंब शंकूवर पडू देऊ नये. एकापेक्षा जास्त ध्वनिक्षेपक असल्यास त्यांची ध्रुवता सारखी हवी. १·५ व्होल्टच्या विद्युत् घटाचे धन अग्र ध्वनिक्षेपकाच्या त्याच अग्राला क्षणभर लावल्यास सर्व शंकू एकाच दिशेने हलले पाहिजेत. अन्यथा खालच्या पट्टीतील स्वर एकमेकांस मारक ठरतात.

जोडणी पूर्ण झाल्यावर विवर्धकाला जोडण्यापूर्वी तारेच्या टोकाशी एकदिश रोध मोजावा. तो अनंत आल्यास मंडल तुटलेले आहे आणि शून्याजवळ आल्यास मंडल संक्षेप झाला आहे, असे समजावे. मापन योग्य आले, तरच निर्गमाग्रांचा निवडक स्विच त्या संरोधावर आणून आवाज अगदी कमी ठेवून विवर्धक चालू करावा. ध्वनिक्षेपकासाठी जाड दुपदरी तार वापरावी. वाद्यासाठीची कवचयुक्त बारीक तार एवढा प्रवाह वाहून नेण्यास योग्य नसते.