एकाच भिंगाचा कॅमेरा आणि घरातले फोटो

भिंगाला उर्दूत ‘अदसा’ म्हणतात. अरबीतल्या ‘अदस’वरून तो आला आणि अदस म्हणजे मसूर. इंग्रजीतला ‘लेन्स’ हा शब्दही लॅटिनमधल्या मसुरीवरूनच आलेला आहे, कारण दोन्ही बाजूंनी फुगलेली काच मसुरीच्या दाण्यासारखी दिसते. ‘कॅमेरा’चेही तसेच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खोली; तोच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून हिंदुस्थानात येऊन ‘कमरा’ झाला. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते, याचा नीट अभ्यास बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी केला. त्यांच्या ‘किताबुल मनाज़िर’चे पुढे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील विद्वानांनी ते अनेक शतके अभ्यासले. आपल्या तरुणांना हे ठाऊक असावे म्हणून आधी सांगितले. आता बाजाराकडे वळू.

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या चारकोपच्या पोरांमध्ये लहान कॅमेऱ्याची हौस पुन्हा दिसू लागली आहे. कोणी वडिलांच्या कपाटातला जुना डिजिटल कॅमेरा बाहेर काढतो, कोणी फोर्टातल्या बोरा बाजारात सेकंड हँड माल शोधत फिरतो. सगळ्या जगात हेच चालले आहे. २०१० साली जपानी कंपन्यांनी न बदलणाऱ्या भिंगाचे दहा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून पाठवले होते. २०२३ साली हा आकडा वीस लाखांच्याही आत आला. मोबाइलने हा धंदा खाल्ला असे आपण समजून चाललो होतो. आणि नेमक्या याच काळात फुजीफिल्मच्या एक्स १०० व्ही या कॅमेऱ्यासाठी गिऱ्हाइके महिनोन्‌महिने रांगेत थांबली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा पुढचा अवतार, एक्स १०० सिक्स, जाहीर झाला. किंमत दीड लाखाच्या पुढे, आणि झूम नाही! एकच भिंग, जागच्या जागी बसवलेले.

झूम नसलेल्या वस्तूला एवढे पैसे का मोजायचे, हा प्रश्न व्यापाऱ्याला पडणारच. त्याचे उत्तर आम्हाला कापडाच्या भाषेत सोपे जाते. भिंगाचे नाभीय अंतर म्हणजे कापडाचा पन्हा. मिलिमीटरचा आकडा लहान, तर दृश्याचा पन्हा मोठा. आकडा मोठा, तर पन्हा लहान. पन्हा ठरलेला असला की शिंपी कपडा कसा बेतायचा हे मनात आधीच ठरवतो. झूम म्हणजे हवा तसा ताणता येणारा पन्हा. सोय मोठी, पण हात रोज नव्याने अंदाज घेत राहतो.

जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला लायका कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत विक्रीला आला, तेव्हा त्याला ५० मिलिमीटरचे एकच भिंग होते. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे जन्मभर मुख्यतः ५० मिलिमीटरवरच राहिले. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींचे अखेरचे दिवस त्यांनी असेच टिपले. आपल्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांचा रोलिफ्लेक्सही एकाच पन्ह्याचा. जवळचे हवे तर जवळ जायचे, दूरचे हवे तर मागे सरायचे. त्यांना पर्याय नव्हता आणि त्यांचे काही अडलेही नाही.

पंचवीस मीटरचा प्लॉट

चारकोपची वस्ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जागतिक बँकेच्या कर्जावर १९८५ पासून मुंबई नागरी विकास प्रकल्प राबवला गेला. त्यात म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी येथे बांधलेली घरे न देता रस्ते, पाणी, गटारे यांची सोय केलेले लहान प्लॉट दिले; घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे उभे करायचे. सर्वांत लहान प्लॉट २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. तीस-पस्तीस घरांची एक सोसायटी आणि मध्ये मोकळा चौक. पुढे घरांवर मजले चढले, शेजारी टॉवर आले, २०२२ साली जवळून मेट्रो धावू लागली. पण जुन्या सेक्टरांतली खोली आहे तेवढीच आहे.

अशा खोलीत ईदच्या दिवशी सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायचा आहे. काढणारा कपाटाला पाठ लावून उभा, समोरची माणसे आठ फुटांवर. येथे पन्ह्याचा हिशेब कळतो. जुन्या ३५ मिलिमीटरच्या रोलच्या मापाने २८ मिलिमीटरचे भिंग आठ फुटांवरची दहा फुटांहून जरा जास्त रुंदी धरते, ३५ चे भिंग सव्वाआठ फूट, आणि ५० चे पावणेसहा फूट. ५० मध्ये चार माणसे मावली तर नशीब. २८ मध्ये दादीपासून नातवंडांपर्यंत सगळे येतात, पण कडेला बसलेला जावई फोटोत फुगलेला दिसतो आणि घरी जाऊन तक्रार करतो. ३५ हा मधला सौदा. बहुतेक साध्या कॅमेऱ्यांना कंपन्यांनी ३५ ते ३८ चे भिंग का बसवले, याचे उत्तर आमच्या मते घरांच्या आकारात बरेचसे सापडते.

आपल्या घरांत सर्वाधिक दिसलेला यासिका एम. एफ. टू सुपर याच जातीचा, ३८ मिलिमीटरचा. त्याआधी आग्फा क्लिक थ्री होता. त्यात १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो. मग हॉट शॉट आला, शेवटी कोडॅकचा के. बी. १० आला. यांत फोकस फिरवावाच लागत नसे. भिंगाचे तोंड लहान ठेवून काच अशी बसवलेली असे की साधारण पाच फुटांपासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळे बऱ्यापैकी स्पष्ट यावे. त्याहून जवळ गेलात की चेहरा धूसर. बघायची खिडकी भिंगाच्या शेजारी असल्यामुळे जवळून फोटो काढला की डोके कापले जाई. फ्लॅश तर भिंगाला खेटून, म्हणून डोळे लाल. त्याचा उजेड दहा-बारा फुटांपलीकडे पोहोचत नसे, म्हणून निकाहाच्या मांडवात पुढची रांग पांढरी फटक आणि मागचे सगळे काळोखात.

जुने अल्बम उघडून पाहा. सगळे एका रांगेत, भिंतीला टेकून, सहा-सात फुटांवर उभे आहेत. ही शिस्त घरात कोणी शिकवलेली नाही. ती यंत्राच्या मर्यादेतून आली. पुष्कळ अल्बमांत फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी तारीखही आहे. तिला आम्ही त्या काळी हसत होतो, पण आज कोणाची मँगणी कोणत्या वर्षी झाली हा वाद तीच मिटवते.

रोल छत्तीसचा. धुलाई आणि प्रिंटचा खर्च वेगळा. त्यामुळे एकच रोल रमज़ान ईदेला सुरू होऊन बकरी ईद आणि एखादे लग्न उरकून मग लॅबमध्ये जाई. रत्नागिरी-रायगडकडची माणसे आखातातून सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डरबरोबर कॅमेरा आणत, आणि तो कॅमेरा मोहल्ल्यातल्या चार लग्नांत फिरे. १९९१ पूर्वी परदेशी माल सरळ मार्गाने मिळणे कठीण होते. मुसाफिरखाना आणि मनीष मार्केट येथे चक्कर मारल्याशिवाय कोणाचे भागत नसे. (तसवीर काढणे जायज़ की नाजायज़ यावर उलेमांत मतभेद आहेत. तो विषय या पानाचा नाही. हजचा अर्ज मात्र फोटोशिवाय भरता येत नाही.)

मोबाइलही तोच

आता गंमत अशी की ज्या मोबाइलने हे कॅमेरे घालवले, तो स्वतःच बिनझूमचा कॅमेरा आहे. त्याचे मुख्य भिंग बहुधा २४ ते २८ च्या मापाचे, न हलणारे. बोटांनी चित्र मोठे केले की पुष्कळदा तो फक्त कडा कापतो. या रुंद पन्ह्यामुळे आपण नकळत माणसाच्या फार जवळ जातो. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दोष काचेचा नाही, अंतराचा आहे. दीड फुटावरून पाहिले तर आपल्या डोळ्यांनाही नाक पुढेच दिसते, फक्त आपण तिकडे लक्ष देत नाही. दोन पावले मागे जाऊन फोटो काढा आणि मग कापा. तोच चेहरा सरळ येईल.

याचा आमच्या धंद्याशी थेट संबंध आहे. आज भिवंडीचा, मालेगावचा, सुरतेचा माल व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर पसंत होतो. मोबाइल थानाच्या वर एक फुटावर धरून फोटो काढला की कडेच्या चौकड्या ताणल्या जातात, मधली डिझाइन मोठी वाटते आणि बारीक विणीवर कापडात नसलेले पट्टे उमटतात. गिऱ्हाइकाला माल मिळाला की तो म्हणतो, दाखवले एक आणि पाठवले दुसरे. माल परत, भाडे अंगावर. खोटे बोलण्याची नियत नसतानाही व्यवहारात खोट आली, आणि मालाचा ऐब गिऱ्हाइकापासून लपवू नये ही तर आपल्याला ताकीद आहे. म्हणून आम्ही दुकानातल्या मुलांना नियम घालून दिला आहे: कापड खिडकीच्या उजेडात, दिवे बंद, मोबाइल पाच-सहा फुटांवर आणि मोबाइलला वेगळे दुपटीचे भिंग असेल तर तेच वापरायचे, शेजारी पांढरा कागद ठेवायचा, म्हणजे रंग किती सरकला ते कळते. ज्याच्याकडे भिंग बदलता येणारा कॅमेरा आहे त्याने ५० मिलिमीटरचे साधे भिंग घ्यावे. प्रत्येक कंपनीच्या यादीत ते सर्वांत स्वस्त भिंगांपैकी एक असते. बनावट सोपी असल्याने ते हलके आणि स्पष्टही असते, आणि तोंड मोठे असल्याने अंधुक दुकानात फ्लॅशशिवाय चालते.

लग्नाच्या फोटोंचा धंदा करू इच्छिणारी पोरे आम्हाला विचारतात की पहिला कॅमेरा कोणता. त्यांच्या मनात महागडा झूम असतो, आणि तो हप्त्यांवर असतो. बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या हप्त्यातही प्रोसेसिंग फीच्या नावाने काय काय घातले आहे ते कागद वाचल्याशिवाय कळत नाही. सही करण्याआधी वाचा, व्याज असेल तर उठून या. जुना कॅमेरा आणि ३५ किंवा ५० चे एक भिंग रोखीने आणून सहा महिने घरच्या, शेजारच्या माणसांवर हात बसवणारा मुलगा आमच्या पाहण्यात लवकर कमाईला लागतो. आठ फुटांवरून किती माणसे मावतील हे तो कॅमेरा डोळ्याला न लावताच सांगतो. मांडवात धक्काबुक्की असते तेव्हा हेच कामाला येते. काझीसाहेब दुसऱ्यांदा कबूल वदवून घेत नाहीत.

हौशीसाठी घेणाऱ्याचे वेगळे. रिकोचा जी. आर. थ्री २८ चा आणि जी. आर. थ्री एक्स ४० चा; दोन्ही खिशात मावतात, पण स्वस्त नाहीत. एवढा पैसा टाकण्याआधी महिनाभर मोबाइलचे झूम न वापरता राहून पाहा. दमछाक झाली तर तो माल आपल्यासाठी नाही, पैसे वाचले.

जुना माल घेताना एक गोष्ट विसरू नका. आपला इलाका खाडीच्या काठचा, पावसाळ्यात हवा ओली, आणि भिंगात बुरशी याच हवेत धरते. भिंग कॅमेऱ्यापासून निघत असेल तर ते काढून उजेडाकडे आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर कितीही स्वस्त असले तरी परत ठेवा. डिजिटल कॅमेरा असेल तर बॅटरी आजही बाजारात मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. पुष्कळ जुन्या मॉडेलांची मिळत नाही. घरी आणल्यावर चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. तांदळाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिकाच्या चार-पाच पुड्या टाकून झाकण घट्ट लावा, आणि पुड्या दर दोन-तीन महिन्यांनी बदला.