पट्टी वाचता येते का?

घोडेगावच्या कांदा बाजारात लिलाव आटोपला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई. उरेल ते त्याचे. तो ती दोनदा वाचतो. व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या किती जणांनी अशी पट्टी हातात धरली असेल?

2008 च्या आर्थिक अरिष्टानंतर, 2009 मध्ये, हार्वर्डच्या एमबीए विद्यार्थ्यांनी सचोटीची शपथ तयार केली. चांगलेच झाले. पण शपथ घ्यायला खर्च काय येतो?

आपल्या नगर जिल्ह्यात हा धडा जुना आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी एकत्र करून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा अध्यक्ष झाले ते पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. अर्थशास्त्राच्या पंडिताने कारखाना चालवायचा आणि ऊस घालणाऱ्या सभासदाने त्याला हिशेब विचारायचा, अशी ही शाळा! (पुढे सहकारात काय काय घडले, ते नगरकरांना सांगायला नको.)

आज पुण्याच्या वैकुंठ मेहता संस्थेत कृषी-व्यवसाय व्यवस्थापन शिकवतात. तिथल्याच कशाला, सगळ्याच मॅनेजमेंट कॉलेजांतल्या मुलांना एक हंगाम इकडे पाठवावे. शाश्वत विकासाचा पेपर मुळेच्या कालव्याच्या शेपटाशी उभे राहून सोडवावा. प्रश्न एकच, इथवर पाणी पोचले का? आणि बाजारात, कापलेला प्रत्येक रुपया कुठे गेला, ते ज्याचा कांदा त्यालाच समजावून सांगावे.